एकच पॅड का संपला? घरी ब्रेक पॅड बदलण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडीमालक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. इथे त्यांना गुरुजीच म्हणू. राहायला कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला, शाळा गगनबावडा रस्त्यावर साळवणच्या आसपास. रोजचं जाणं-येणं मोटरसायकलवर. हा रस्ता ब्रेकला वर्षभर खातो. पावसाळ्यात या पट्ट्यात पाऊस असा लागतो की पुढचं चाक दिवसचे दिवस चिखलपाण्यातच फिरतं. दिवाळीच्या आगेमागे कुडित्र्याचा साखर कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या शेतातली माती रस्त्यावर आणून टाकतात. ती वाळते आणि मग उन्हाळ्यापर्यंत धूळ.

गाडी दीडशे सीसीची, पुढे डिस्क, मागे ड्रम. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाक्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. ही गाडी त्यानंतरची, म्हणून पुढच्या चाकाला एबीएस आहे. डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. पुढचा कॅलिपर सरकणाऱ्या जातीचा, म्हणजे पिस्टन एकाच बाजूला, आतल्या अंगाला. लिव्हर दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर रेटतो आणि त्या रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅडही डिस्कला आणून भिडवतो. पुढचं सगळं या दोन पिनांवरून घडलं, म्हणून एवढं सांगितलं.

साधारण वर्षापूर्वी गुरुजींनी पुढचे पॅड एकदा घरीच बदलले होते. मदतीला भाचा. तो शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथ वर्कशॉपमध्ये शिकाऊ आहे, हाताला पाना नवा नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघितला, दोन बोल्ट काढले, जुने पॅड भंगाराच्या पोत्यात टाकले, नवे बसवले. ब्रेक चांगला लागायला लागला आणि विषय संपला.

अडचण

शनिवारी सकाळची शाळा करून परत येताना बालिंग्याजवळ पुढचा ब्रेक दाबला की ‘खर्र’ असा धातूचा आवाज यायला लागला. गुरुजींनी उरलेलं अंतर मागच्या ब्रेकवर, सावकाश काढलं. रविवारी सकाळी भाच्याला बोलावून कॅलिपर उतरवला.

आतल्या पॅडचं मटेरियल जवळपास संपलेलं, एका कडेला तर खालची लोखंडी पट्टी उघडी पडलेली. बाहेरच्या पॅडवर मात्र निम्म्याहून जास्त माल शिल्लक. शिवाय आतला पॅड सरळ झिजलेला नव्हता. वरून खाली उतरत गेलेला होता, पाचरीसारखा.

भाचा म्हणाला, “मामा, पॅडच डुप्लिकेट निघालं बघा. चांगल्या कंपनीचं टाकूया.”

डुप्लिकेट माल बाजारात असतोच, त्यामुळे शंका अगदीच वावगी नव्हती. पण खराब मालाचे पॅड दोन्ही बाजूंनी लवकर झिजले असते. एकच बाजू झिजते तेव्हा पॅड सोडून कॅलिपरकडे बघायचं. पिना अडकल्या की कॅलिपर सरकत नाही, मग बाहेरचा पॅड नुसता बघ्याच राहतो आणि आतला एकटा गाडी थांबवतो. दोनपैकी एकच पिन अडकली तर कॅलिपर तिच्याभोवती किंचित तिरका होतो आणि पॅड पाचरीसारखा झिजतो. गुरुजींच्या हातातला पॅड नेमकं हेच सांगत होता.

आणखी एक गोष्ट आधीच घडून गेली होती. पावसाळ्यात हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या काचेत पातळी खालच्या रेघेला टेकली होती. रस्त्यावरच्या एका गॅरेजात ती भरून घेतली. कुठे गळती नव्हती. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येतो, त्याच्यामागची जागा ऑइल भरून काढतं, म्हणून डबीतली पातळी उतरते. पातळी उतरली म्हणजे बहुतेक वेळा पॅड बघायची वेळ झाली. तिथे ऑइल ओतलं की काच भरलेली दिसते आणि मालक निर्धास्त होतो. माझ्या मते या प्रकरणातली पहिली चुकलेली संधी हीच.

कोणकोणते पर्याय होते

सगळ्यात स्वस्त पर्याय शेजाऱ्याने सुचवला: आतला पॅड बाहेर आणि बाहेरचा आत टाका, महिनाभर निघेल. आपल्याकडे हे सर्रास चालतं. पण दोन्ही पॅडची पाठ सारखी नसते. एकावर पिस्टन टेकतो, दुसऱ्यावर कॅलिपरचं बोट. बऱ्याच गाड्यांत त्यांचा आकारही वेगळा असतो. शिवाय उघडी पडलेली लोखंडी पट्टी कुठल्याही बाजूला टाकली तरी डिस्कच खरडणार. हा पर्याय लगेच बाद झाला.

दुसरा, फक्त नवे पॅड टाकायचे. नवा जोड घरात होता, गुरुजींनी तो आधीच आणून ठेवला होता. अर्ध्या तासाचं काम आणि सोमवारी शाळेला गाडी तयार. गेल्या वर्षी हेच केलं होतं.

तिसरा, सर्व्हिस सेंटर. रविवारी ते बंद, आठवड्यात न्यायचं तर रजा टाकायची. गुरुजींचा तिथला अनुभव असा की सांगितलेलं काम होतं, पण बिघाडाचं कारण कुणी शोधत नाही. हे सगळीकडे खरं असेल असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्या निर्णयात या मताचा वाटा होता.

चौथा, कॅलिपर नीट उघडून पिना काढायच्या, पिस्टन साफ करायचा आणि मगच नवे पॅड. वेळ जास्त लागणार आणि आत काय निघेल याचा भरवसा नाही.

गुरुजींनी चौथा धरला, पण एक हद्द ठरवून. ब्रेकच्या नळीचा बोल्ट आणि हवा काढायचं निप्पल, या दोन गोष्टींना पाना लावायचा नाही. ऑइलची लाइन बंद राहिली तर आत हवा जात नाही. एबीएसच्या गाडीत हवा युनिटपर्यंत गेली तर काही मॉडेलना ती काढायला स्कॅनर जोडावा लागतो, आणि तो घरी नसतो. ही हद्द काम सुरू करण्याआधी आखली, हे मला महत्त्वाचं वाटतं. हात काळे झाल्यावर, अर्धा कॅलिपर सुटल्यावर माणूस ‘आता एवढं केलंय तर’ म्हणत पुढे पुढे जातो.

रविवारचं काम

गाडी डबल स्टँडवर. टाकीवर आणि मडगार्डवर ओली चादर, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. पॅड अडकवणारी पिन कॅलिपर जागेवर असतानाच ढिली करून घेतली. उतरवल्यावर ती सोडवायला गेलं की कॅलिपर हातात फिरतो आणि एलन कीचा खाचा गुळगुळीत होतो. उतरवलेला कॅलिपर नळीवर लोंबकळत न ठेवता सुतळीने हँडलला बांधला. इथपर्यंत सगळं सरळ.

मग पहिला खरा निर्णय आला. नवे पॅड जाड, त्यांना जागा करायला पिस्टन आत ढकलायला हवा. भाच्याने सी-क्लॅम्प लावलाच होता. “ढकला की मामा, गेल्या वर्षी असंच केलेलं.” गुरुजींनी थांबवलं, दोन कारणांनी.

एक, वर्षभर बाहेर आलेल्या पिस्टनच्या भागावर पॅडची काळी भुकटी आणि वाळलेला चिखल बसलेला होता. तो तसाच आत ढकलला की ती घाण सीलच्या ओठाखाली जाते. डिस्क ब्रेकच्या पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. लिव्हर दाबल्यावर चौकोनी काटछेदाची रबरी सील पिस्टनबरोबर किंचित पिळली जाते, लिव्हर सोडल्यावर ती उलगडते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. तेवढ्यानेच चाक मोकळं होतं. सीलखाली माती गेली किंवा सील फुगली तर हे केसभर मागे येणं बंद होतं आणि ब्रेक कायम घासत राहतो.

दोन, डबी काठोकाठ भरलेली होती. पावसाळ्यात वरून टाकलेलं ऑइल आत होतंच. पिस्टन मागे गेला की तेवढं ऑइल वर येणार, झाकणातून बाहेर पडणार आणि टाकीवर ओघळणार. झाकणाचे दोन स्क्रू मऊ असतात, म्हणून तोंड बरोबर बसणारा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, दाबून धरून काढले. नव्या सिरिंजने थोडं ऑइल ओढून घेतलं. ते चहासारखं तांबूस झालेलं होतं.

पिस्टन साफ करायला भाच्याने पेट्रोलची बाटली आणली. वर्कशॉपमध्ये सगळं पेट्रोल, डिझेल नाहीतर रॉकेलनेच धुतात, त्याचं काही चुकलं नव्हतं. पण ब्रेकची रबरं साधारणपणे ईपीडीएम जातीची असतात. त्यांना ब्रेक ऑइल चालतं, पेट्रोलजन्य काहीही चालत नाही, फुगतात. म्हणून साबणाचं पाणी, जुना टूथब्रश, मग स्वच्छ पाणी आणि कोरडं फडकं. भुकटी फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवली नाही, ती नाकातोंडात जाते. पिस्टनच्या कडेला गंजाचे खड्डे नव्हते. जुना पॅड आडवा धरून अंगठ्यांच्या जोराने तो हळूहळू आत गेला, क्लॅम्पची गरज पडली नाही. म्हणजे पिस्टन निर्दोष.

मग पिना. वरची हाताने सरकली. खालची हललीच नाही. थोडं पिळत, ओढत काढली तेव्हा तिच्यावर गंज आणि पिवळट चिकट थर. तिचा रबरी बूट, म्हणजे पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून पिनवर असलेलं टोपण, तोंडाशी फाटलेला, वरच्या पिनचा बूटही सैल आणि फुगलेला.

“हे पिवळं काय?” गुरुजींनी विचारलं.

भाचा जरा वेळाने म्हणाला, “ग्रीस आहे. मीच लावलेलं गेल्या वर्षी. वर्कशॉपमधलं, बेअरिंगचं. म्हटलं पिना सुक्या दिसतायत.”

बेअरिंगचं ग्रीस खनिज तेलाचं असतं. बेअरिंगला उत्तम, या रबराला नाही. माझा अंदाज असा: ग्रीसने दोन्ही बूट फुगले, पिनवरची त्यांची पकड सुटली, पावसाचं पाणी खालच्या बुटातून आत शिरलं, पिन गंजली, कॅलिपर सरकायचा थांबला आणि आतला पॅड एकटा झिजत राहिला. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यानेही बूट फाटतात, आणि ही गाडी तिथे जायची. पण फवाऱ्याने एखादा बूट फाटला असता, दोन्ही फुगले नसते. म्हणून मी ग्रीसलाच मुख्य आरोपी धरतो. त्या मुलाने काम मन लावून केलं होतं. पिना सुक्या ठेवल्या असत्या तर कदाचित यापेक्षा कमी बिघडलं असतं.

भाच्याने जाडी मोजायचं व्हर्नियर आणलं होतं. डिस्कवर किमान जाडी ३.५ मिमी कोरलेली होती. चार ठिकाणी मोजलं तेव्हा सगळ्यात कमी ३.८ भरली. पट्टी घासली होती तिथे नखाला लागतील अशा दोन बारीक रेघा होत्या, खोल नव्हत्या. डिस्क राहू दिली. डिस्कची किंमत पॅडच्या जोडीच्या कितीतरी पट, त्यामुळे हे माप आलं तेव्हा गुरुजींचा जीव भांड्यात पडला.

सोमवारचा प्रश्न

दुपार झाली होती. बूट फाटलेला, नवा हातात नाही, स्पेअर पार्टचं ओळखीचं दुकान बंद. सोमवारी दहाला शाळा. पिन पॉलिश पेपरने घासून चकचकीत झालेली. भाच्याचं म्हणणं, आत्ता जोडून टाकू, दोन दिवसांनी बूट आणून परत उघडू. “दोन दिवसांत काय होतंय?”

खरं सांगायचं तर दोन दिवसांत काही झालंही नसतं, पाऊस नव्हता. पण आपल्याकडचे ‘दोन दिवस’ किती लांबतात हे गुरुजींना माहीत होतं. चालणारी गाडी कुणी पुन्हा उघडत नाही. परीक्षा, वर्गाचे अहवाल, मग कुणाचं लग्न, आणि बघता बघता जून. त्यांनी कॅलिपर तसाच सुतळीला बांधून ठेवला, वर प्लास्टिकची पिशवी घातली, ब्रेकच्या लिव्हरखाली लाकडाचा तुकडा बांधला आणि घरात सगळ्यांना बजावलं की लिव्हरला हात लावायचा नाही. डिस्क मध्ये नसताना लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतो, आणि पूर्ण सुटला तर ठरवलेली हद्द मोडून हवा काढणं भाग पडतं.

सोमवारी रंकाळा स्टँडवरून एसटीने शाळेला गेले. संध्याकाळी दुकानातून दोन्ही बूट आणि सिलिकॉन ग्रीसची पुडी आणली. घासलेल्या पिनवर खड्डे राहिले होते, म्हणून खालची पिनही नवी घेतली.

जोडणी

पिनांना ग्रीस पातळ लावलं. जास्त भरलं तर पिन आत हवेवर अडते आणि स्प्रिंगसारखी परत येते. कॅलिपर हाताने पुढेमागे सरकवून बघितला, एका बोटाने सरकत होता. दुकानदाराने जास्त कडक, सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-भाजून केलेले) पॅडही दाखवले होते आणि भाच्याला ते फार आवडले, पण गुरुजींनी गाडीला कंपनीने दिलेल्याच दर्जाचे, घरात असलेले बसवले. रोजच्या वापराला ते पुरतात आणि डिस्क कमी खातात. कॅलिपरचे बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापाला टॉर्क पान्याने आवळले, पानाही उद्यमनगरातूनच आलेला. डबीतली पातळी दोन रेघांच्या मध्ये येईल एवढंच, झाकणावर लिहिल्याप्रमाणे डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल, सीलबंद नव्या बाटलीतून टाकलं.

इथे एक प्रसंग घडला. गुरुजी हात धुवायला आत गेले आणि भाच्याने गाडी स्टँडवरून काढून गेटाकडे उतरती सोडली. पुढचा लिव्हर दाबला तर तो थेट मुठीला जाऊन टेकला, ब्रेक शून्य. मागच्या ब्रेकने गाडी गेटाच्या अलीकडे थांबली. बिघाड काहीच नव्हता. पिस्टन आत ढकललेला असतो, पॅड आणि डिस्कमध्ये फट असते, ती भरायला लिव्हर बऱ्याचदा मारावा लागतो. उभ्या गाडीवर लिव्हर मारत राहायचं, तो कडक लागेपर्यंत. भाच्याला हे माहीत होतं. काम संपल्याच्या आनंदात विसरला. घरच्या ब्रेककामात सगळ्यात धोक्याचा क्षण हा असतो, कारण हत्यारं बाजूला गेलेली असतात आणि लक्षही.

लिव्हर कडक झाल्यावर पुन्हा डबल स्टँड, चाक हाताने फिरवलं. हलकी घासण्याची कुजबुज, पण चाक अडत नव्हतं.

परिणाम

मंगळवारी पहाटे फुलेवाडी रिंगरोडला, वाहतूक सुरू व्हायच्या आत, पॅड बसवून घेतले: चाळीसच्या वेगावरून मध्यम दाबाने दहापर्यंत उतरवायचं, पूर्ण थांबवायचं नाही, थोडं अंतर मोकळं जाऊन डिस्क गार होऊ द्यायची, परत तेच. नव्या पॅडचा माल डिस्कवर सारखा लागायला हे हवं. डिस्कवर जुन्या रेघा असल्याने पूर्ण पकड यायला जास्त दिवस लागले. पहिला आठवडा गुरुजी पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवून चालले.

पुढचा अख्खा पावसाळा गेल्यावर कॅलिपर पुन्हा उतरवून दोन्ही पॅड मोजले. आतला आणि बाहेरचा जवळपास सारखे, पाचर नाही. खालची पिन हाताने सरकत होती, बूट कोरडे.

एक कसर राहिली. लिव्हर पहिल्यापेक्षा थोडा मऊ वाटायचा, उतारावर जास्त. सिरिंजमधलं तांबूस ऑइल आठवलं तर कारण उघड होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल मुरलेल्या ऑइलसाठी हीच अट १५५ अंशांवर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि लिव्हर खाली जातो. साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं असतं, आणि गुरुजींच्या गाडीची ती मुदत टळून गेली होती. हे काम त्यांनी सर्व्हिस सेंटरला दिलं. हद्द आधीच ठरलेली असल्याने यावर घरात चर्चा झाली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या वेळचे जुने पॅड भंगारात जायला नको होते. ते शेजारी शेजारी ठेवून नुसते बघितले असते तर पिनांची तेव्हाची अवस्था कळली असती. कदाचित त्या तेव्हाच अडकायला लागल्या असतील, कदाचित नसतीलही. आता सांगता येत नाही, कारण पुरावाच विकला गेला. गुरुजी आता जुने पॅड तारीख आणि किलोमीटर लिहून डब्यात ठेवतात.

ऑइलची पातळी उतरल्यावर भरण्याआधी पॅडमध्ये टॉर्च मारून बघायला हवं होतं. कॅलिपर न उतरवताही मागच्या बाजूने पॅडची उरलेली जाडी दिसते, मिनिटभराचं काम आहे.

सामान आणण्याचा क्रमही उलटा होता. पॅड आधी आले, बूट नंतर. पावसाळी रस्त्यावरच्या गाडीला वर्ष झालं असेल तर पॅडबरोबर बुटांचा जोड आणि ग्रीसची पुडी आधीच घेऊन ठेवलेली बरी. किंमत किरकोळ असते आणि एसटीची एक फेरी वाचते. कामही शनिवारी दुपारी, दुकानं उघडी असताना सुरू करता आलं असतं.

एका बाबतीत गुरुजींचं आणि माझं पटलेलं नाही. त्यांच्या मते सोमवारी गाडी न जोडणं हा थोडा अतिरेकच होता. कोरडा हंगाम, घासलेली पिन, चार दिवस सहज निघाले असते. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहेत. मी तरीही एसटीच्याच बाजूचा.

डिस्क ३.८ वर आहे. पॅडचा पुढचा जोड टाकताना ती पुन्हा मोजायची आणि ३.६ च्या आसपास आली तर त्याच वेळी बदलायची असं ठरलंय, कारण तो जोड संपायच्या आत ती ३.५ च्या खाली जाईल. भाच्याने त्यासाठी व्हर्नियर आत्ताच मामांकडे आणून ठेवलंय, वर्कशॉपमध्ये विचारून की न विचारता ते मी विचारलं नाही.